सिंकखालची ताटली

त्याने ताटली माझ्यासमोर फरशीवर ठेवली, तेव्हा तिला फिनेलचा वास येत होता.

मी मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काम करते. वासात मी चुकत नाही. स्टीलची ताटली, कड एका बाजूला चेपलेली. त्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. बाकी तिघांची ताटं वर टेबलावर. काचेची, निळ्या नक्षीची. मी खाली, त्याच्या खुर्चीपाशी.

"खा," निखिल म्हणाला. "सगळ्यांसमोर. आणि मनात काय येतंय ते मोठ्याने सांग."

समीर आणि ऋचा, त्याचे मित्र नवराबायको, बघत होते. ऋचा माझ्याकडे पाहून हसली. लहान मूल पहिल्यांदा स्वतःच्या हाताने खातं तेव्हा हसतात तसं.

रविवारची दुपार होती. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा त्याचा फ्लॅट. खिडकीतून खाडी दिसते.

पुढे वाचण्याआधी एक समजून घ्या. फरशीवर बसण्यात माझा अपमान नव्हता. ते मी निवडलं होतं. आमचं नातं तसं होतं: ठरलेल्या वेळी तो हुकूम करणार, मी ऐकणार. दोघंही तिशी ओलांडलेले. दोघांनी समोरासमोर बसून ठरवलेलं. काय चालेल, काय चालणार नाही. समीर-ऋचाही अशाच नात्यात आहेत, म्हणून त्यांच्यासमोर त्याच्या पायाशी बसायला मी हो म्हटलं होतं. मला हे आवडतं. का आवडतं ते मला सांगता येत नाही, आणि आवडतं म्हणून मी कोणाची माफीही मागत नाही.

पण खाणंपिणं या खेळात आणायचं नाही, हे ठरलं होतं. आणि थांबायचं असेल तर एक शब्द. "खोपट." तो मला गावच्या एसटीला सोडायला खोपटच्या डेपोत यायचा, त्यावरून ठेवलेला. मी खोपट म्हटलं की सगळं तिथेच थांबणार.

खाण्याचं का, तेही सांगते. माझी आई माण तालुक्यातल्या आमच्या गावात चार घरची भांडी घासायची. एका घरात तिचा कप वेगळा. कान तुटलेला. मागच्या दारी कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. मी आईबरोबर गेले की मला जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत उरलेलं द्यायचे, पायरीवर बसवून. त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. दारात उभी राहून ती माझं खाणं बघायची. जात कोणी उच्चारली नाही. गरजच नव्हती.

तेव्हापासून मला लोकांसमोर जेवता येत नव्हतं. कॉलेजात नाही, कंपनीच्या कँटीनमध्ये नाही. डबा जिन्यात एकटीने उघडायचे. नोकरी लागल्यावर डोंबिवलीत एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला एक साधी पद्धत शिकवली. मनात विचार आला की त्याला लगेच खरं मानायचं नाही. त्याला धरायचं, समोर बसवायचं. विचारायचं, पुरावा काय? बाजूने काय, विरुद्ध काय? मग जे उरेल ते खरं.

निखिलबद्दल मी त्यांना चाचरत सांगितलं. वाटलं, आता बाई चष्मा काढून ठेवणार. त्यांनी एवढंच विचारलं, "तू थांब म्हटल्यावर तो थांबतो का गं?"

"थांबतो."

"मग पुढे बोल."

आणि तेव्हा तो थांबत होता, हेही खरं. मीच ती पद्धत आमच्या नात्यात आणली. खेळ संपला की आम्ही चहा घेऊन बाल्कनीत बसायचो. तो विचारायचा, मघाशी चेहरा का पडला? मी सांगायचे, मनात आलं की मी आहेच खालची, म्हणून खाली बसते. मग दोघं मिळून पुरावा शोधायचो. मला कोणी बसवलं? मी बसले. उठता येतं का? येतं. मग खालची कशी? पायरीवर बसवलेली मुलगी आणि स्वतः होऊन फरशीवर बसलेली बाई, या दोघी माझ्या मनात हळूहळू वेगळ्या झाल्या. मी कँटीनमध्ये जेवायला लागले. मैत्रिणी म्हणाल्या, "आली बाई एकदाची माणसांत!"

मी निखिलची ऋणी होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शाळेतल्या बाई, वसतिगृहाच्या रेक्टर, नोकरी देणारे साहेब, सगळ्यांची ऋणी. ऋणाची सवय लागते. कोणी बसायला खुर्ची दिली तरी तोंडातून थँक्यू निघतं. नौपाड्यात तीन पिढ्या राहिलेल्या घरातला, शुद्ध भाषा बोलणारा हा माणूस माझं ऐकून घेतो, याचंच मला केवढं अप्रूप.

त्याने सगळं ऐकून घेतलं. आईचा कप, पायरी, जर्मनची ताटली. रडत रडत मीच सांगितलेलं.

मग तो मानसोपचाराचे व्हिडिओ बघायला लागला. इंग्रजी शब्द आले. मी कशाला नाही म्हटलं की तो म्हणायचा, "हे तुझं डिस्टॉर्शन आहे, वाकडा विचार." उशीर का केलास विचारलं की, "तू माइंड रीडिंग करतेयस, माझ्या मनातलं तूच ठरवतेयस." माझी पद्धत माझ्याच विरुद्ध चालायला लागली. पुरावा नेहमी मी द्यायचा. त्याच्या विचाराला कधीच कोणी समोर बसवत नव्हतं.

आणि त्या रविवारी ही ताटली.

"याला एक्स्पोजर म्हणतात," तो समीरला सांगत होता. "ज्याची भीती, तेच समोर ठेवायचं. हिला लहानपणी वेगळ्या ताटलीत वाढायचे. सो आपण तोच सीन रिक्रिएट केलाय."

सीन.

माझी आई सीन झाली. भाजीचं तेल ताटलीच्या चेपलेल्या कडेशी साठलं होतं. श्रीखंड फिनेलच्या वासात मिसळून नाकात चढलं. आणि सगळ्यात किळस याची, की माझा हात पुरीकडे निघाला होता. हुकूम झाला म्हणून नव्हे. ताटली ओळखीची होती म्हणून.

मी हात मागे घेतला.

"खोपट," मी म्हणाले.

समीर चावायचा थांबला. त्याला नियम माहीत होता. तो निखिलकडे बघत राहिला.

"हाच तो क्षण," निखिल म्हणाला. "आता पळू नकोस. हा ऑटोमॅटिक थॉट आहे, आपोआप आलेला, खरा नव्हे."

"खोपट."

"पुरावा काय? तूच शिकवलंस ना? कोण तुला कमी समजतंय इथे? आम्ही तिघं तुझ्यासाठी संडे घालवतोय. ताटली आहे फक्त."

"रडून घे गं हवं तर," ऋचा म्हणाली. "खूप हीलिंग असतं."

मला रडू येत नव्हतं. मी विचारलं, "ही ताटली कोणाची आहे?"

"काय फरक पडतो?"

"कोणाची?"

"सुनंदाची. धुतलेली आहे."

सुनंदाताई त्याच्याकडे भांड्यांना येतात. मला भेटल्या की विचारतात, "बरी आहेस ना?" म्हणजे ही ताटली मुद्दाम आणलेली नव्हती. फिनेलचा वास सांगत होता, ती घरातच होती. सिंकखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीशेजारी, रोजच्या वापरातली. निळ्या नक्षीच्या घरात कोनाडा होताच. मी इतके महिने तिथे चहा पीत होते आणि ते कपाट कधी उघडलं नव्हतं.

मी उठले. ताटली उचलली. त्याचं काचेचं ताट बाजूला सरकवून ती त्याच्यापुढे ठेवली.

"ताटली आहे फक्त. जेव."

तो हसला. समीरकडे बघून, मग ऋचाकडे बघून. कोणी हसलं नाही.

"ड्रामा करू नकोस."

"धुतलेली आहे. जेव यात."

त्याने ती एका बोटाने दूर ढकलली. नखाने. आणि मग, स्वतःच्याही नकळत, ते बोट नॅपकिनला पुसलं.

"हा पुरावा," मी म्हणाले.

त्याने बोटाकडे पाहिलं. त्याला कळलं. तोंड लाल झालं, आणि मग आतलं सगळं बाहेर आलं. "बोलायला मी शिकवलं तुला. चार लोकांत बसवलं. कुठून आलीस ते विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून तर निघाले."

चप्पल घालताना मागून ऋचाचा आवाज आला. "एवढा राग? एका ताटलीवरून?"

खाली गेटपाशी मी ओकले. पोटात काहीच नव्हतं, तरी ओकले.

नंतर त्याचे मेसेज आले. बसून प्रोसेस करू या. तू ट्रिगर झालीस. तुला ओव्हररिअ‍ॅक्शनची सवय आहे. माफी कुठेच नव्हती. अशा नात्यातल्या ज्या लोकांत आम्ही वावरत होतो, त्या सगळ्यांना मी लिहून कळवलं, की हा माणूस थांब म्हटल्यावर थांबत नाही. एकाने उत्तर दिलं, खाजगी गोष्ट चव्हाट्यावर कशाला? मी त्यालाही तेच वाक्य पुन्हा पाठवलं.

गावी गेले तेव्हा आईला विचारलं, "त्या कपातून पिताना तुला काय वाटायचं गं?"

आई शेंगा फोडत होती. म्हणाली, "काय वाटायचंय? च्या गरम असायचा."

मला हे उत्तर पुरत नाही. पुरवून घ्यायचंही नाही.

डोंबिवलीच्या बाईंनी शिकवलेली पद्धत मी सोडलेली नाही. ती खरी आहे. फक्त तिची दुसरी बाजू आता मला कळली. पुरावा शोधायला गेलं की कधीकधी पुरावा सापडतो. मनात आलेलं तेवढं सगळं आजारपण नसतं. कधी ती समोरच्या माणसाची नेमकी खबर असते, आणि ती ऐकायची असते.

मी पुन्हा कोणाच्या पायाशी बसेन कदाचित. ती माझी इच्छा, आणि तिची लाज मला ना निखिल वाटायला लावू शकतो, ना तुम्ही. पण बसण्याआधी मी त्या घरातलं सिंकखालचं कपाट उघडून बघणार.

आईला थांबा म्हणायला शब्द नव्हता. सुनंदाताईंना अजून नाही. मला होता, आणि तो मला दोनदा म्हणावा लागला. यापुढे मी एकदाच म्हणणार. दुसऱ्यांदा म्हणायला मी तिथे नसेन.