आईला लूम दिसला

सुरतजवळच्या सचिन गावात एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत मी लागले, तेव्हा त्यांचा नवा लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, अजून पुरता तयार नव्हता. तरी प्रदर्शनात दाखवायचा होता. आमचे सर डोक्यावर जाड चष्मा चढवून उभे राहत. त्यातून त्यांना समोरचा हॉलही दिसे आणि त्या हॉलमध्ये खरंच उभा असल्यासारखा, कॉम्प्युटरवर रचलेला अख्खा लूमही. तेच लोकांना मोठ्या पडद्यावर दिसायचं. पण सरांनी मान वळवली की पडदाही गरकन फिरे. लोकांना गरगरायचं, काही उठून चहाला जात.

मला माईक देऊन शेजारी उभं केलं. मी सरांना म्हटलं, "वळायच्या आधी मला खूण करा. मी लोकांना सांगते, मग सावकाश वळा." तसं करू लागलो आणि लोक बसून राहू लागले.

पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं काम मी लहानपणापासूनच करत आले होते. सुरतेत उधन्याच्या चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर हिंदी मालिका लागायच्या. आईला तेव्हा अहिराणीशिवाय काही येत नसे. साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता ती विचारायची, "आते काय व्हयनं?" मान खाली ठेवूनच ऐकायची. मी सांगत राहायचे. हळूहळू आजूबाजूच्या बायकाही माझ्याजवळ सरकत. टिकल्यांच्या गोंदाचा तो वास आजही कुठे आला, की मला त्या खोलीत गेल्यासारखं होतं.

प्रदर्शनाला एकदा आईला घेऊन गेले. वडील जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्यांनी जन्मभर लूमवर काम केलं, पण कारखान्याच्या आत आई कधी गेली नव्हती. मी हिंदीत बोलत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिने विचारलं, "तुना बाप कोठे उभा राहे?"

सरांनी विचारलं, "क्या पूछ रही हैं?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि आईच्या डोक्यावर नीट बसवला. मी तिचा हात धरून तिला कापड बाहेर पडतं त्या बाजूला नेलं. "आठे," मी ती जागा दाखवत म्हटलं. तिने कापडाला हात लावायला बोटं पुढे केली, ती आरपार गेली. ती दचकली, मग हसली.

"आवाज किती व्हये?"

सरांनी स्पीकर मोठा केला. हॉलमध्ये खडखडाट भरला, लोकांनी कानावर हात ठेवले. आई मात्र तशीच उभी राहिली. आवाज बंद झाल्यावर म्हणाली, "म्हनीसन तो घरमा एवढा जोरमा बोले."

सरांनीच माईक घेतला आणि प्रयोग पुरा केला.

घरी जाताना रिक्षात ती सारखी बोलत होती. लग्नानंतर सुरतेत आल्या आल्या वडील एकदा जेवताना म्हणाले होते, भाजीत मीठ कमी आहे. तिला वाटलं, ते ओरडले. तिने कितीतरी दिवस अबोला धरला. त्यांना बिचाऱ्यांना कारणच कळलं नव्हतं.