वाणातलं तिखट

नौपाड्यातल्या एका मसाल्याच्या दुकानात मी अकरा वर्षं धणे भाजले. पाकिटावर छापलेलं असायचं, 'आईच्या हातचा'. शेठच्या आईने त्या अकरा वर्षांत कढईला हात लावलेला मी पाहिला नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना धुराने ठसका लागायचा. पण हात माझे होते. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

नोकरी सोडून डोंबिवली पूर्वेला स्वतःच्या मसाल्यांसाठी छोटासा गाळा घेतला, तेव्हा शेठ हसून म्हणाला, "जा, हौस करून ये. तुझं स्टूल कोपऱ्यात तसंच ठेवतो."

त्या स्टुलावर परत बसायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. पण दिवाळीनंतर गिऱ्हाईक आटलं. हाताशी सहा हजार रुपये उरले. जानेवारीत काही हललं नाही तर फेब्रुवारीत मी नौपाड्यात, हे दिसत होतं.

फ्लेक्सवाल्याने चौकातल्या बोर्डाचा जो भाव सांगितला, त्यात माझे सहा हजार आठवड्यात उडाले असते. रील बनवून देणाऱ्या बाईने "बजेट काय?" विचारलं, मी सांगितलं, तर तिने फोनच ठेवला.

चिडून घरी आले आणि चहा गाळायला घेतला. फळीवर चार नव्या गाळण्या होत्या. चारही गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेल्या. त्या बघता बघता माझे हातच थांबले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू. प्रत्येक घरी पन्नास-साठ बायका. त्यांना गाळणीऐवजी माझा मसाला मिळाला तर? तो थेट स्वयंपाकघरात जाणार, ओळखीच्या बाईच्या हातून जाणार, आणि पैसे जी हळदीकुंकू करते ती देणार! मी धाकट्या जावेला हाक मारली, चहा तसाच राहिला.

समोरच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या हळदीकुंकवाला साठ बायका येतात. काकूंना पंचवीस रुपये पाकीट सांगितलं.

"गाळणी पंधराला मिळते गं."

"मिळते ना. पण आमटीत घालता येते का?"

बावीसला ठरलं. काकूंचं नाव सांगून आणखी चार बिल्डिंगा मिळवल्या. स्टिकरवाल्याशी अर्धा तास भांडून फोन नंबर मोठ्या अक्षरात छापून घेतला. दुकानातला सगळ्यात लाल, झणझणीत मसाला तीनशे पाकिटांत भरला. सहा हजार संपले.

संक्रांतीच्या दिवशी पिशवी घेऊन आम्ही दोघी काकूंच्या दारात. हळदीकुंकू दोन दिवसांनी होतं. काकूंनी एक पाकीट वर काढलं आणि तसंच खाली ठेवलं.

"तिखट आणलंस?"

"एक नंबर आहे, काकू."

"अगं बाई, तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायचं आणि लगेच हातात मिरची द्यायची? मिरची कुणी हातात देतं का? भांडणं लागतात."

हे मला माहीत नव्हतं का? माझी आई शेजारणीला मिरची देताना कधी हातात द्यायची नाही, ओट्यावर ठेवायची. धंद्याच्या नादात मी साफ विसरले होते. पण चूक कळली की मला आधी राग येतो.

"काकू, ज्यांना भांडायचंय ते मिरचीशिवाय भांडतात! ठरलेल्या मालाला तुम्ही आता नाही म्हणता? मास्तरीणबाई ना तुम्ही?"

काकूही कमी नव्हत्या. जिन्यात वरच्या मजल्यावरची दारं उघडली. जावेने माझा पदर ओढला.

"ताई, बघा. लागलंच ना भांडण."

काकूंना हसू फुटलं. मग मलाही. त्या म्हणाल्या, "तिखट सोडून दुसरं काही आण, मी कुठे नाही म्हणते?"

"तीळ चालतील?"

"संक्रांतीला तीळ नाही चालणार तर कधी चालणार?"

माझा गोडा मसाला! त्यात भाजलेले तीळ, खोबरं, दगडफूल. मिरची मी घालतच नाही. तशीच स्टेशनजवळच्या खानावळीत गेले, वाद घालून अर्धं तिखट रोखीने खपवलं आणि त्याच पैशांत तीळ-खोबरं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कढई उतरली नाही. वासाने रस्त्यावरची माणसं थांबून विचारायला लागली.

हळदीकुंकवाला मीही गेले. काकू एकेकीला पाकीट देताना वर्गात शिकवल्यासारख्या खणखणीत आवाजात सांगत होत्या, "यात तीळ आहेत हं. आमटी उतरवायच्या आधी घालायचा." साठ वेळा! असा आवाज मला कुठल्या जाहिरातीत परवडला असता? मला एका जागी उभं राहवेना.

चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "तो वाणातला मसाला तुमचाच का?" आठवडाभरात अर्धा किलोच्या ऑर्डरी यायला लागल्या. मग एका दुपारी शेठचा फोन.

"आमच्या आईची मैत्रीण दुकानात येऊन तुझा मसाला मागतेय! तिच्या डोंबिवलीच्या बहिणीला वाणात मिळाला म्हणे. हा काय प्रकार आहे?"

"मग द्या की त्यांना. आईच्या हातचा."

शेठचा आवाज उतरला. "पन्नास पाकिटं पाठव. आमचं लेबल लावू."

"लेबल माझं. नंबर माझा. पैसे आधी. आणि ते स्टूल पाठवून द्या, इथे पाकिटं भरायला माणूस वाढलंय."

लेबलावर तो पाऊण तास अडला, शेवटी कबूल झाला. स्टूल मात्र पाठवलं नाही. मीच नौपाड्यात जाऊन, रिक्षात मांडीवर घेऊन आणलं. आता त्यावर जाऊ बसते. त्याचा एक पाय डुगडुगतो. दुरुस्त करून घ्या म्हणून मी अकरा वर्षं सांगत होते.