‘माने’मधली रेघ

शलाका गेल्याचा निरोप तिच्या नवऱ्याने, निखिलने, सकाळी फोनवर पाठवला. ‘अनघाताई, शलाका पहाटे गेली.’ मी तोक्योतल्या निशी-कसाई स्टेशनबाहेर सायकल लावत होते. कुलूप घातलं, काढलं, पुन्हा घातलं... आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता मला ‘माने’ म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. दुसरा विचार लगेच आला आणि तो अधिक खरा होता. ती हाक तर शलाकाने सहा वर्षांपूर्वीच बंद केली होती.

माने हे माझं माहेरचं आडनाव. पुण्याच्या कॉलेजात आम्ही मुली एकमेकींना आडनावानेच हाक मारायचो. लग्नानंतर कागदोपत्री मी देसाई झाले, शलाकापुरती झाले नाही. पुढे दोघींचे नवरे सॉफ्टवेअरच्या कामासाठी तोक्योत आले आणि आम्ही एकाच इमारतीत राहू लागलो, ती चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन उतरले की जिन्यातून आवाज यायचा, “ए माने, आज प्लास्टिकचा दिवस! बाटल्या घेऊन कुठे निघालीस?” तिचं ऐकून शेजारच्या जपानी आजीही मला आदराने माने-सान म्हणू लागल्या. परक्या देशात माझ्या वडिलांचं नाव दिवसातून दहादा ऐकू येई. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला त्याचा आधार वाटायचा.

बाबांना मी आणि माझी बहीण, अशा दोन मुलीच. मला दिवस गेले तेव्हा मी ठरवलं की मुलगा होवो वा मुलगी, नाव ‘माने’ ठेवायचं. आडनावाला कुठे लिंग असतं? शलाकाला सांगितलं तर ती चहाचा कप खाली ठेवून हसत सुटली. “माने देसाई? अगं, वकिलांची फर्म वाटते!” मग गंभीर झाली. इंग्रजी वाचणारे त्याला ‘मेन’ करतील, म्हणजे घोड्याची आयाळ. जपानीत ‘मा’ आखूड म्हटला तर त्या शब्दाचा अर्थ नक्कल, नक्कल करणं. पोरं चिडवून जीव नकोसा करतील. मी याचा विचार केला होता. इंग्रजीत दोन ‘ए’ घालायचे आणि काताकाना लिपीत ‘मा’पुढे एक आडवी रेघ द्यायची, की ‘मा’ लांबतो आणि नक्कल उरत नाही. मी कागदावर लिहूनही दाखवलं. “रेघ कोण वाचतंय, माने?” ती म्हणाली. “तू पुस्तकात राहतेस. पोराला शाळेत जायचंय.”

तिचं म्हणणं मला नेहमी पटायचं. मी बाबांना फोन करून सांगितलं की ते नाव ठेवत नाही. ते म्हणाले, “राहू दे गं. आपलं बाळ सुखरूप होऊ दे.” मुलाचं नाव रेन ठेवलं. तेही शलाकानेच सुचवलेलं. दोन्हीकडे चालतं, लिहायला सोपं, रेघेची भानगड नाही.

तीन वर्षांनी ती इचिकावाला राहायला गेली आणि तिला मुलगी झाली. बारशाला इथे आत्या कुठून आणायची? “आत्या तू,” तिने फोनवर हुकूम सोडला. “नाही म्हणायचं नाही.” मी हौसेने पैठणी नेसून गेले. स्वयंपाकघरात ती घुगऱ्या ढवळत होती. मी म्हटलं, “नाव तरी सांग. कानात काय सांगू?” तिने पातेल्यातून नजर वर केली नाही. “माने,” ती म्हणाली. “दोन ‘ए’, आणि रेघ देऊन.”

मग ती म्हणाली, “तू सोडलंस ना ते? इतकं सुंदर नाव, वाया चाललं होतं...”

बाहेरून बायकांच्या हाका आल्या. मी पाळण्यावर वाकले, त्या इवल्या कानाशी तोंड नेलं, ‘कुर्र्र’ केलं आणि पुढे काहीच बोलले नाही. प्रथेप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे बसले. मी नाव सांगितलंच नाही हे कुणाला कळलं नाही.

त्या दिवसापासून तिने मला अनघा म्हणायला सुरुवात केली. साहजिकच होतं, एका हाकेला दोघी कशा वळणार? मी तिच्या मुलीला बाळ म्हणायचे, पिल्लू म्हणायचे. भांडण झालं नाही. रेनला फणफणून ताप भरला आणि नवरा सेंदाईला अडकला होता, तेव्हा इचिकावाहून पहिली धावत आली ती शलाकाच. तिने कढी केली, माझे पाय चेपले. त्या हातांवर राग धरणं अवघड होतं, पण तो गेलाही नाही. शेवटचं भेटले तेव्हा ती इस्पितळात खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी एका शब्दाची वाट बघत बसले... क्षमेचा नव्हे, हाकेचा. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, “अनघा, छत्री विसरू नकोस.”

गेल्या आठवड्यात निखिलने बोलावलं. मुलगी आता पहिलीत जाणार. वर्गात घालायच्या पांढऱ्या बुटांच्या टाचेवर नाव लिहावं लागतं. “तुमचं अक्षर चांगलं आहे, ताई.” शेजारी जुने, आखूड झालेले बूट होते. त्यांवर शलाकाचं अक्षर, आणि ‘मा’पुढची रेघ टाचेच्या कडेपर्यंत ओढलेली. मी पेन घेतलं आणि रेघेशिवाय नाव लिहिलं. विसरले, असं इथे म्हणता येईल. पण मी विसरले नव्हते.

मुलगी गुडघ्यांवर बसून एकेक अक्षर लावत होती. “मावशी, हे नक्कल झालं,” ती म्हणाली. “मम्मा रेघ द्यायची. लांब.”

मी रेघ दिली. दोन्ही टाचांवर, लांब. ती शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली, मग उठून खिडकीशी गेली. बूट माझ्याच हातात राहिले होते.

“माने,” मी म्हटलं, “घालून बघ.”

ती लगेच वळली.