बिल्ल्याचे टाके

सगळी गल्ली तिला कात्रीबाई म्हणायची, आणि ते काही ती शिवणकाम करायची म्हणून नव्हे. शिवणकाम करणाऱ्या गल्लीत आणखी दोघी होत्या, त्यांना कोणी असं नाव ठेवलं नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं पिऊन येऊन तिच्या कानाखाली वाजवली, तेव्हा तिनं हातातली तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर टेकवली आणि सावकाश पाचपर्यंत आकडे मोजले. तो बोंबलत रस्त्यावर पळाला तो परत आलाच नाही. लोक म्हणाले, बिचारा. ती म्हणाली, इस्त्रीला कातडं चिकटलं, आता पांढऱ्या कपड्यांना डाग पडतील. पुढे कापडवाला मापात चार बोटं मारतो हे लक्षात आल्यावर तिनं त्याचा लाकडी गज त्याच्याच पाठीवर मोडला. काहींचा राग नाकावर असतो, हिचा थेट हातात होता.

तोच हात शिलाई मशीनवर बसला की मात्र बघत राहावं. पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, मागच्या खोलीत चूल आणि अंथरुणं, मधे पडदा. त्या मशीनवरून उतरलेला कपडा उलटा घातला तरी चालेल अशी त्याची आतली शिवण असायची. टाका दिसला तर तो टाकाच नव्हे, असं ती म्हणायची. गिऱ्हाईक म्हणे, अहो बाई, आतून कोण बघतंय? ती म्हणे, मी बघतेय. आणि कपडा परत घेऊन उसवायला बसायची. या हट्टापायी तिला पैसे कमी मिळायचे, पण सांगायचं कोणी? सांगणाऱ्याच्या हातात गज असता तरी त्यानं सांगितलं नसतं.

गल्लीच्या टोकाला शाळा होती. शाळा चांगली होती, शिकवायचे चांगलं, फी हप्त्यानं घ्यायचे. फक्त दर दोन वर्षांनी त्यांना नवा रंग सुचायचा. आधी साधा निळा, मग बारीक चौकडी, आणि यंदा त्या चौकडीत एक लाल रेघ. ती रेघ काढणाऱ्याच्या डोक्यात ती किती घरांवरून फिरणार आहे हे आलं नसेल, असं म्हणवत नाही. गणवेश मिळायचा एकाच दुकानात, आणि एका जोडीच्या किमतीत घरातल्या सगळ्यांना वर्षाचे कपडे झाले असते. फीला हप्ते होते, गणवेशाला नव्हते. ज्या घरात तीन पोरं, त्या घरात सुट्टी संपत आली की भांडी आपटायला लागायची. वरच्या माळ्यावरच्या सुतारानं त्या आठवड्यात बायकोचं डोकं दारावर आदळलं. गणवेशाची चिठ्ठी तिनं तीन दिवस लपवून ठेवली होती, एवढाच तिचा गुन्हा. कात्रीबाईनं जिना चढून त्याच दारात त्याची बोटं चिमटवली आणि खाली येऊन काज करायला बसली.

गरजवंताला अक्कल असते. लाल रेघेचं हुबेहूब कापड बाजारात तिसऱ्या हिश्श्यात मिळायला लागलं. बाहीवरचा विणलेला बिल्ला तेवढा शाळेनं बदलला नव्हता. मग आया जुने शर्ट काढायच्या, बिल्ला उसवायच्या आणि कापडासकट कात्रीबाईकडे यायच्या. सुट्टीभरात तिनं असे चाळीसेक गणवेश शिवले. सुताराच्या तिन्ही पोरांचे तर फुकट.

तिची स्वतःची मुलगी मात्र म्हणाली, "यंदा मला दुकानातलाच हवा."

"का गं? माझ्या हातचा टोचतो?"

"शेवटचं वर्ष आहे, आई. मला कोणी वळूनसुद्धा बघायला नको."

मुलीचं चुकत नव्हतं. मागच्या वर्षी एका मुलीनं तिला सगळ्या वर्गासमोर ठिगळी म्हटलं होतं, आणि हिनं तिचं तोंड बाकावर दाबून ओठ फोडला होता. खाण तशी माती. आईला शाळेत बोलावलं, तर तिथल्या कारकुनानं "बघा, आली ठिगळीची आई" म्हटलं आणि आईनं त्याच्या मुस्काटात दिली. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आवाज न चढवता बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुलीनं पुन्हा हात उचलला तर तिचा दाखला हातात देईन. तुम्ही उचललात तर पोलीस बोलवीन. तुमचं तिच्यावर काढणार नाही आणि तिचं तुमच्यावर. दोघींनी आपापले हात सांभाळा." शेवटच्या वर्षाला दाखला घेऊन गेलेल्या मुलीला दुसरी शाळा दारात उभी करत नाही. मग उरतं मशीन. आणि मशीनवर बसवायला कात्रीबाईनं ही पोर वाढवली नव्हती. मुलगी गणितात पहिली यायची. आईला ते गणित कळायचं नाही, पण वहीतली ती सरळ ओळीत उतरलेली उत्तरं पाहून तिचा जीव सुपाएवढा व्हायचा.

तेव्हा तिनं सुट्टीभर रात्री जागून दवाखान्याच्या चादरींना कडा मारल्या आणि मुलीला घेऊन दुकानात गेली. आत बायकांची ढकलाढकली चालली होती, एकीचं मूल पायाखाली येता येता वाचलं. गल्ल्यावर दुकानदाराचा मेहुणा होता. मेहुणा अंगानं आडवा, तोंडानं त्याहून आडवा. त्यानं पुडकं फेकलं ते कात्रीबाईच्या गळ्यावर येऊन आपटलं.

"उघडून बघू नका. घ्यायचं तर घ्या, नाहीतर मागे बायका उभ्या आहेत."

कात्रीबाईची बोटं वळली. मुलीनं तिचं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत धरलं, आणि तिला तसंच बाहेर आणलं.

घरी आल्यावर तिनं शर्ट पसरला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिल्ला जेमतेम सहा लांब टाक्यांवर लोंबत होता. एक कोपरा उचकटलेला, दोऱ्याची शेपटं बाहेर. एवढे पैसे घेऊन हे काम. मुलगी म्हणाली, "राहू दे आई, हात लावू नकोस. जसा आहे तसा राहू दे." आई बरं म्हणाली. पण मुलगी नळावर गेली, आणि तो उचकटलेला कोपरा तिच्याकडे बघत राहिला. तिनं बिल्ला उसवला, कड आत दुमडली आणि एकही टाका दिसणार नाही असा बसवला. चाळीस गणवेशांवर तिनं जसे बसवले होते, अगदी तसा. तिनं आयुष्यात इस्त्रीपासून गजापर्यंत काय काय केलं, त्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही. त्या दुपारी हातशिलाईची सुई उचलली त्याचा मात्र मरेपर्यंत झाला.

शाळा उघडली त्या दिवशी ती, कमरेला नेहमीची मोठी कात्री खोचून, मुलीबरोबर सायकलवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. त्यापुढे फाटकाकडे यायचं नाही, असं मुलीनं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. फाटकाशी शिपाई उभा होता, आणि त्याच्याबरोबर मेहुणा. त्याच्या हातात दाढीचं अर्धं ब्लेड होतं. बाजारातल्या कापडाचा धंदा दुकानदाराला झोंबला होता, आणि खोटे गणवेश वेचून काढायला शाळेनं त्याच्याच माणसाला उभं केलं होतं. कापड बघून ओळखता येत नाही हे मेहुण्यानं आधीच ताडलं होतं. तो बाही धरायचा, बिल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. दोरा लागला तर जा आत. दोरा लागला नाही, कड गुळगुळीत लागली, तर बिल्ला ब्लेडनं सरकन कापून पायाखाली.

"आमच्या कारखान्यात इतकं नीट कोणी लावत नाही," तो शिपायाला मोठ्यानं सांगत होता. "नीट दिसला की समजायचं, त्या बाईचा."

हे कोपऱ्यावर ऐकू आलं. कात्रीबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, पोरीचा बिल्लाही तिनंच नीट बसवला होता. तिनं तोंड उघडलं, पण मुलगी रांगेत पुढे सरकली होती.

सुताराच्या धाकट्याचा बिल्ला कापला, तेव्हा त्याच्या दंडाला ब्लेड लागलं आणि तो भोकाड पसरून घरी पळाला. मधल्याला मेहुण्यानं कॉलर धरून रस्त्यावर ढकललं, त्याचे गुडघे फुटले. आया ओरडत होत्या, पण पुढे कोणी होत नव्हतं. कात्रीबाईनं सायकलवाल्याच्या दाराची चौकट धरून ठेवली. चौकटीचं कुसळ तिच्या नखात गेलं तरी तिनं हात सोडला नाही. माझी पोर खऱ्या शर्टात आहे, पावती तिच्या दप्तरात आहे, ती जाईल आत, असं ती स्वतःला सांगत होती.

मेहुण्यानं मुलीची बाही धरली. अंगठा फिरला.

"हा पण तिचा."

"दुकानातला आहे. पावती दाखवते," मुलगी म्हणाली.

"पावती शर्टाची आहे. बिल्ला हातानं लावलाय."

"आईनं परत शिवलाय फक्त."

"मग तेच म्हणतोय मी."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मुलगी बाही सोडवायला मागे झाली, त्यानं हिसका दिला आणि ब्लेड बिल्ल्यात शिरायचं ते दंडात शिरलं. पांढऱ्या-निळ्या चौकडीवर लाल उतरायला लागलं. मुलगी क्षणभर त्या रक्ताकडे बघत राहिली. मग तिनं दप्तरात हात घातला, तिच्या हातात कर्कटक आलं, आणि बाही धरलेल्या त्या पंजात तिनं ते पाठच्या बाजूनं मुठीपर्यंत खुपसलं.

मेहुणा गुरासारखा ओरडला आणि दुसऱ्या हातानं त्यानं मुलीच्या तोंडावर ठोसा मारला. ती फाटकावर आपटली. तिच्या नाकातून रक्त आलं, तरी ती पुन्हा उठत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते कात्रीबाईनं आजवर फक्त आरशात पाहिलं होतं.

तोपर्यंत कात्रीबाई फाटकाशी पोचली होती. धावत येताना तिला एवढंच दिसत होतं: मेहुण्याच्या पंजातून उभं राहिलेलं कर्कटक, आणि त्यामागे मोठ्या बाईंच्या हातातला दाखला. कापडाला खिळा लागून बारीक भोक पडलं, तर ते भोक कुठेतरी दिसतंच. मुरलेला शिंपी तिथेच कात्री घालून ते मोठं करतो, मग ते भोक होतं हे कोणाला सांगूनही पटत नाही. तिनं कर्कटक उपटलं आणि कमरेला खोचलं. पंजा शिपायाच्या खुर्चीच्या पाठीवर दाबला. मग कमरेची मोठी कात्री काढून, मिटलेल्या पात्यांनी, नेमकी त्याच जागी आरपार घातली आणि फिरवली.

"मी केलं," ती म्हणाली. तिचा आवाज मोठ्या बाईंसारखाच न चढलेला होता. "सगळ्यांनी नीट बघा, मी केलं."

मुलगी म्हणाली, "आई."

"आत जा. घंटा झाली."

पोलिसांना काही शोधावं लागलं नाही. कात्रीबाईनं कात्री मारली, यात नवल ते काय? गणवेश शिवून घेतलेल्या सगळ्या आयांनी सांगितलं की आम्ही कात्रीच पाहिली. शिपाई म्हणाला की नेमक्या त्या वेळी मी पाठमोरा होतो. मेहुणा आधी म्हणाला की पोरीनं पहिल्यांदा मारलं. फौजदारानं विचारलं, "पंधरा वर्षांच्या पोरीनं? बरं, मग तिच्या दंडात तुमचं ब्लेड काय करत होतं तेही लिहून घेतो." त्यावर मेहुण्यानं बराच विचार केला आणि त्याला आठवलं की कात्रीच होती. मोठ्या बाईंनी मेहुण्याचे दोन्ही जबाब वाचले आणि बाजूला ठेवले. बोलल्याप्रमाणे त्यांनी आईचं मुलीवर काढलं नाही.

सहाव्या दिवशी मुलगी कोठडीत भेटायला आली. नाक सुजून डोळे बारीक झाले होते. फाटलेली बाही तिनं स्वतः शिवली होती, वेडीवाकडी, आणि बिल्ला कसाबसा टाचला होता. तिला कधी सुई धरू दिली नव्हती, मग कसं येणार? कात्रीबाईचे हात शिवशिवले. तिनं ते मागे बांधले.

"फाटकावर अडवलं नाही ना?"

"नाही. दोरे लोंबताहेत." मुलीनं गज धरले. "मी आज मोठ्या बाईंकडे जाणार आहे. सांगणार आहे की कर्कटक माझं होतं. फौजदार म्हणतात तीन वर्षं तरी होतील. तू आत राहणार आणि मी गणितं सोडवत बसणार, हे मला जमणार नाही."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"आता किती वाजले?"

मुलीनं दप्तर पायानं मागे सरकवलं.

कात्रीबाईचा हात गजांमधून बाहेर आला आणि मुलीच्या गालावर असा बसला की बाकावर पेंगणारी शिपाईबाई उठून उभी राहिली. नवरा, कापडवाला, कारकून, सुतार, मेहुणा, साऱ्या जगाला या हातानं मारलं होतं. या एका गालाला तो कधी लागला नव्हता. मारल्यावर तिला रडू कोसळलं, ते तिनं पुसलंही नाही.

"तास बुडवून आलीस," ती म्हणाली. "मी इथे कशाला बसलेय असं वाटतं तुला?"

मुलगी गालावर हात धरून उभी राहिली. तिचाही दुसरा हात वळला होता, मूठ झाली होती, आणि ती सुटायला बराच वेळ लागला. मग तिनं दप्तर उचललं, शिपाईबाईला वेळ विचारली, आणि मधल्या सुट्टीआधी पोचायचं म्हणून धावत सुटली.