डाव्या सीटवरून

सावकाश सरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि ती सगळीच्या सगळी वर्षं डाव्या सीटवर बसून काढली. उजवीकडे शिकणारा, त्याच्या घामेजल्या हातात स्टिअरिंग. डावीकडे सर, त्यांच्या मांडीवर वही आणि पायाशी जादा बसवून घेतलेला ब्रेक व क्लच. शिकणाऱ्याने गल्लीतून हमरस्त्यावर गाडी दामटली की सरांचा उजवा पाय आपसूक खाली जायचा आणि तोंडातून एकच शब्द निघायचा, "सावकाश." त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव फक्त परवान्याच्या कागदांवर उरलं होतं.

ते ओरडायचे नाहीत. बाजारामागच्या मैदानात रिकामी पिंपं मांडून ते उलटं पार्किंग शिकवत. चढावर गाडी मागे घसरायला लागली की शिकणारा देवाचा धावा करी आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणत, "देव येईपर्यंत क्लच अर्धा ठेव." एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडाही आला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या उजव्या बुटाचा तळवा डाव्याच्या आधी झिजायचा. बूट दुरुस्त करणारा दर वेळी विचारायचा, "सर, तुम्ही लंगडी घालत कामावर जाता का?"

यंदा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि त्यात ड्रायव्हिंग स्कूलचं दुकान आणि मागच्या दोन खोल्या, म्हणजे सरांचं घर, दोन्ही जाणार होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. उरली होती एक मुलगी. ती दुसऱ्या शहरात इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची, एकटीच राहायची, आणि तिच्या घराची वरची खोली रिकामी होती.

"या की माझ्याकडे," असं ती पटकन म्हणाली नाही. बाप-लेकीचं फारसं कधी जमलंच नव्हतं. अठराव्या वर्षी सर तिला गाडी शिकवायला बसले, आणि दुसऱ्याच दिवशी ती भर चौकात दार उघडून उतरून चालत घरी गेली होती. पुढे तिने परक्या गावी, परक्या माणसाकडून गाडी शिकून घेतली. आता तिने फोनवर वेगळाच विचार मांडला. "बाबा, उन्हाळ्याची आठ दिवस रजा आहे. समुद्राकाठच्या रस्त्याने जाऊ. घाई नाही, वाटेल तिथे थांबायचं. गाडी तुमची, चालवीन मी. आठ दिवस एका गाडीत निघाले, तर एका घरातही निघतील."

"आणि नाही निघाले तर?"

"तर दोघांनाही कळेल. एक करा, तुमच्या बाजूचे ते ब्रेक-क्लच काढून घ्या आधी."

सर "हो" म्हणाले. गॅरेजपर्यंत गेलेही. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली आडवा होता, म्हणाला, "दहा मिनिटं बसा सर, आलोच." सर दहा मिनिटं बसले, मग उठले आणि गाडी घेऊन घरी आले. मुलीला सांगितलं, त्याला वेळ नव्हता.

मुलीने पायाशी वाकून ती दोन पेडलं बघितली, वडिलांकडे बघितलं आणि म्हणाली, "मग बूट काढा. मागे टाका. अनवाणी माणूस जरा जपून असतो."

पहिले दोन दिवस खरंच छान गेले. सर मोज्यांवर बसले होते, पाय सीटखाली दुमडून, जणू शाळेत शिक्षा झालेला पोरगा. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला उभा कातळ, मधून वळणावळणाचा रस्ता. मुलगी गाडी बरी चालवायची, हे त्यांना दिसत होतं. फक्त ते म्हणवत नव्हतं. त्याऐवजी ते म्हणायचे, "आरसा बघितलास?"

"बघितला."

"मागचा?"

"बाबा, मागे तुमचे बूट दिसताहेत, बाकी रस्ता मोकळा आहे."

यावर दोघंही हसले होते. संध्याकाळी वाळूत पाय पसरून बसल्यावर तिने आपणहून वरच्या खोलीची गोष्ट काढली. खिडकी पूर्वेला आहे, जिना जरा उभा आहे, कठडा लावून घेता येईल. सरांनी मनातल्या मनात तिथे आपली खुर्चीही मांडून टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दीपगृह बघायला उतरले. खडकांवर चालायचं म्हणून सरांनी बूट घातले, आणि परत गाडीत बसताना काढायचे राहिले. तिच्याही लक्षात आलं नाही. चार-पाच किलोमीटरवर रस्ता कातळाला वळसा घालत डावीकडे वळत होता. सरांना अचानक समोर सायकल दिसली, मागे टोपली बांधलेली, रस्त्याच्या कडेने संथ चाललेली. पाय खाली गेला. विचार नंतर आला.

रस्त्यावर वाळू होती. गाडीचं मागचं अंग सरकलं, गाडी आडवी झाली आणि समुद्राकडच्या दगडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. सायकलवाला थांबला, त्याने दोघांकडे नीट बघितलं, मान हलवली आणि निघून गेला.

मुलीने इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. "तुम्ही पाय मारलात."

"सायकल होती!"

"मला दिसत होती. मी वेग कमी करत आणला होता."

"दिसत असती तर..." एकतीस वर्षांची सवय बोलली. "मी ब्रेक मारला म्हणून वाचलो आपण."

तिने गाडी सरळ केली, पुढच्या गावापर्यंत अगदी नीट, परीक्षा असल्यासारखी चालवली आणि बसस्टँडसमोर उभी केली. आपली बॅग उतरवली. किल्ली वडिलांच्या हातात दिली. "पुढच्या सगळ्या खोल्या तुमच्या नावावर आहेत. समुद्र बघा. या सावकाश."

सर बराच वेळ बस गेली त्या दिशेला बघत उभे राहिले.

मग सुरू झाली एकट्याची सहल. सर तीसच्या वेगाने जात. मागून हॉर्न वाजत, माणसं-मुलांनी भरलेल्या गाड्या पुढे निघून जात, मागच्या काचेतून एखादं पोर त्यांना वेडावून दाखवी. मुक्कामाच्या खोलीत दोन पलंग असत. खोल्यांची मालकीण विचारी, "दुसरं कोण आहे?" सर सांगत, "मागून येतेय." रात्रीच्या जेवणाला दोन ताटं मांडली जात, आणि एक झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच उचललं जाई.

चौथ्या दिवशी सकाळी एक गंमतच झाली. सामान डिकीत टाकून सर गाडीत बसले, पट्टा लावला, चष्मा पुसला आणि थांबले. दोन-तीन मिनिटं गेली. अंगण झाडणारी बाई झाडू थांबवून बघायला लागली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण डावीकडे बसलो आहोत आणि गाडी सुरू करणारं कुणी येणार नाहीये. ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसले. बाईला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलंय. "भाऊ, बरं आहे ना?" तिने विचारलं. "सवय आहे," सर म्हणाले, आणि तिला काय ते कळावं अशी अपेक्षाही केली नाही.

मुलीला त्यांनी तीनदा फोन लावला. तिने उचलला नाही.

बोलायला कुणीच नसलं की माणूस कुणाशीही बोलतो. होडीची तिकिटं देणाऱ्याला सरांनी त्या वळणाची हकिकत सांगितली. त्यात सायकल वीस फुटांवर होती. खोल्यांच्या मालकिणीला सांगितली तेव्हा ती दहा फुटांवर आली. पाचव्या दिवशी चहाच्या टपरीवर एक नवरा-बायको भेटले. त्यांना सांगताना सायकल हाताच्या अंतरावर होती, आणि मागे टोपलीऐवजी एक लहान मूल बसलं होतं.

"अगं बाई!" ती बाई गालावर हात ठेवून म्हणाली. "मुलगी जन्मभर तुमचे उपकार विसरायची नाही."

सरांनी चहाचा पेला खाली ठेवला. मूल कुठून आलं? ते मूल त्यांनी स्वतः, आत्ता, या बाकावर बसून सायकलवर बसवलं होतं. आणि एवढं बसवायची गरज का पडली? खरी सायकल पुरत नव्हती का?

त्यांनी पुढची वाट सोडली आणि गाडी उलट वळवली. ज्या वळणापासून इथवर यायला त्यांना दोन दिवस लागले होते, तिथे ते दुपारपर्यंत जाऊन पोहोचले. उलट्या दिशेने काही कळायचं नाही, म्हणून पुढे जाऊन परत फिरले आणि तेव्हाच्याच बाजूने आले. सायकल होती त्या जागी कडेला चुना लावलेला एक दगड होता. वळणाजवळ आल्यावर सर दचकले. दगड दिसला, आणि त्या दिवशी सायकल दिसली होती त्याच्या बराच आधी दिसला. पुन्हा आले. पुन्हा तसंच.

मग त्यांनी गाडी कडेच्या मोकळ्या जागेत लावली आणि पायी निघाले. आधी रस्त्याच्या त्या रेषेवरून, जिच्यावरून चालवणाऱ्याचं डोकं जातं, आणि मग तिच्या डाव्या बाजूच्या रेषेवरून, जिच्यावरून शेजारच्याचं जातं. बसलेल्या माणसाचे डोळे असतात तेवढ्या उंचीवर डोळे यावेत म्हणून कमरेत वाकून चालायचं, आणि दगड कातळाआडून डोकावला की तिथून त्याच्यापर्यंत पावलं मोजायची. एक ट्रक हळू झाला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काका, काय हरवलं?"

"काही नाही, बघतोय."

"सापडलं तर कळवा!" म्हणून तो हसत निघून गेला.

उजव्या रेषेवरून छत्तीस पावलं. डाव्या रेषेवरून एकवीस. सरांनी दोनदा, तीनदा मोजलं. एखाद-दुसरं पाऊल इकडेतिकडे, पण फरक तेवढाच. डाव्या सीटपुढे कातळाचं नाक आडवं येत होतं. तिला सायकल त्यांच्या कितीतरी आधी दिसली होती. तिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला होता, गाडी मंदावत होती, सगळं व्यवस्थित चाललं होतं. कठड्यापर्यंत दोघांना नेलं ते सरांच्या पायाने.

ते कठड्यावर बसले. आपण एकतीस वर्षांत किती जणांना "दिसत नाही का तुला?" म्हणालो, याचा हिशेब त्यांना लागेना. चढ, चौक, गल्लीची तोंडं. किती ठिकाणी शिकणाऱ्याला दिसलं असेल आणि आपल्याला दिसलं नसेल. समोर समुद्र नुसता चमकत होता, आणि हे सांगायला जवळपास माणूस नव्हतं.

चौथ्यांदा फोन लावला. या वेळी तिने उचलला. रजा मोडून ती कामावर परतली होती; मागे इस्पितळातली गडबड ऐकू येत होती.

"बोला."

"तुला दिसली होती सायकल. मला नव्हती दिसली. मी त्या वळणावर परत आलोय. तुझ्या सीटवरून छत्तीस पावलं आधी दिसतं, माझ्या सीटवरून एकवीसच."

"पावलं? तुम्ही मोजलीत?"

"वाकून. बसल्यावर डोळे किती उंचीवर असतात, ते बघून."

"रस्त्यावर वाकून चालत होतात? या उन्हात?" तिच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निसटलं आणि लगेच थांबलं. मग ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा. पेडलं का नाही काढलीत?"

सर म्हणाले, "गॅरेजपर्यंत गेलो होतो. भीती वाटली."

"माझ्या गाडी चालवण्याची?"

"नाही गं. नुसतं बसून राहायची. पायाशी काहीच नाही, हातात काही नाही. आपण कशाला आहोत गाडीत, असं झालं."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. ती "आले" म्हणाली आणि परत फोनवर आली. तिचा आवाज मऊ होता, पण डळमळत नव्हता. "तुम्ही हे बोललात ते बरं झालं. पण एका घरात आपलं नाही जमायचं. मी या तीन दिवसांत तोच विचार केला. मी जिन्यावरून उतरताना तुम्ही खालून 'सावकाश' म्हणाल, आणि एक दिवस मी घर सोडून निघून जाईन. तसं नको."

"बरं," सर म्हणाले.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. बरं म्हणालो."

"माझ्या गल्लीत दोन-तीन ठिकाणी खोल्या आहेत. रविवारी या, बघू. पण गाडी घरी ठेवा. बसने या."

"बसने?"

"हो. आणि शेवटच्या रांगेत बसा. त्या ड्रायव्हरला बिचाऱ्याला सुखाने चालवू द्या."

सर हसले. ती हसली की नाही, ते कळायच्या आत फोन ठेवला गेला होता.

वरची खोली गेली. पूर्वेची खिडकी गेली, मनात मांडलेली खुर्ची गेली. रविवारी मात्र जायचं होतं. अजून तीन मुक्काम ठरलेले होते, आणि ते मोडावे असं त्यांना वाटेना. ते उजवीकडे बसले. गाडी पुन्हा त्याच वळणावरून नेताना त्यांनी छत्तिसाव्या पावलाला पाय उचलला. समोर चुन्याचा दगड आणि नुसता मोकळा रस्ता होता.