दादाचा होकार

माझा दादा जन्मापासून बहिरा. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो, आणि त्याच्या शिवणीला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय. गल्ली त्याला 'मुका मास्तर' म्हणते, पण तो मुका नाही. आवाज आहे त्याला. लहानपणी पोरं त्या आवाजाची नक्कल करून हसली, तेव्हापासून परक्या माणसासमोर त्याने तो काढला नाही, एवढंच. आमच्या घरात सगळे हातांनी बोलतात आणि हातांनीच भांडतात. वहिनी होती तेव्हा त्या दोघांचं भांडण बघायला मी गॅस बारीक करून यायचे.

वहिनी गेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. भाचीला ऐकू येतं, पण ती बोबडं बोलण्याआधी खुणा शिकली. रोज संध्याकाळी बापलेक फोनच्या पडद्यावर हातांनी गप्पा मारायचे. दादाचा दिवस त्या गप्पांसाठीच उजाडायचा.

दुसरा नाद सिनेमाचा. थिएटरात त्याला काही कळत नाही, आणि तिथल्या अंधारात मी खुणा करून सांगावं तर माझे हात दिसत नाहीत. इंटरनेटवरच्या चोरीच्या प्रतींना मात्र कुणीतरी रिकामटेकडा देवमाणूस खाली सगळे संवाद टाइप करून ठेवतो. दादा त्या उतरवून घ्यायचा. चोरीच ती, मी नाही म्हणत नाही.

मध्यंतरी त्याचं तोंड उतरलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, पोरगी काहीतरी लपवतेय. बोलताना तिचे हात मध्येच थांबतात. खोटं बोलणाऱ्याचे हात असेच अडखळतात, हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. त्यात तिला सातवा महिना. दादाच्या मनात नको नको ते यायला लागलं. मी त्याला वेड्यात काढलं.

आणि एका दुपारी भाचीच दारात उभी. तेवढं पोट घेऊन, एकटी, बसने. पाणीसुद्धा न घेता ती दादाचे हात दाबून बघायला लागली, त्याला बोटं उघड-मीट करायला लावली. मग मटकन खाली बसली.

"आत्या, पडद्यावर बाबांचे हात मध्येच थिजायचे गं. मला वाटलं, आजीसारखा ह्यांनाही अर्धांगाचा झटका आलाय आणि तुम्ही मला कळवत नाही आहात."

दोघांचेही हात ठणठणीत होते. अडखळत होतं ते इंटरनेट.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि गोड आवाजात सांगितलं की बिघाड काहीच नाही, कंपनीनेच वेग मुद्दाम कमी केलाय. चोरीचे सिनेमे उतरवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून. मला आधी खरंच वाटेना. न सांगता-सवरता असं कसं करता, म्हणून मी तिला धारेवर धरलं.

"सांगितलंय ना ताई. सूचनेचे फोन केलेत. रेकॉर्ड केलेला आवाज असतो. दर वेळी साहेबांनी फोन उचलला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतला."

दादा फोन थरथरला की उचलतो आणि पडद्यावर कुणाचा चेहरा येतोय का, याची वाट बघत बसतो. फोन मध्येच ठेवणं त्याला उद्धटपणाचं वाटतं.

"तो जन्मापासून बहिरा आहे," मी म्हणाले. त्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

बिचारीने लगेच उपाय काढला. पुन्हा असं करणार नाही, अशी कबुली दिली की वेग पूर्ववत होतो. कबुली फोनवर. यंत्र विचारणार, ग्राहकाने 'हो' म्हणायचं. भाची म्हणाली, मी म्हणते. तर नाही, ग्राहकाचा स्वतःचाच आवाज हवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भाचीने दादाला सगळं हातांनी समजावलं होतं आणि दादाने मान हलवली होती. सिनेमे सोडतो म्हणाला. पोरगी दिसली पाहिजे.

त्याने फोन तोंडापाशी धरला. भाचीने खूण केली आणि दादा बोलला.

घराबाहेर तो आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. जाड, नाकातून येणारा, अर्ध्यात तुटलेला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हसू दाबलं.

यंत्र म्हणालं, "आपलं उत्तर समजलं नाही. कृपया पुन्हा बोला."

दादा पुन्हा बोलला, जरा मोठ्याने. यंत्राला समजलं नाही. तिसऱ्यांदा त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि तरीही यंत्र तेच म्हणालं. पुढची खूण करायला भाचीचा हातच उचलेना. इतकी वर्षं त्याने जपून ठेवलेला आवाज ते यंत्र सगळ्यांदेखत परत करत होतं.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली. मॅनेजरच्या केबिनकडे एकदा बघितलं, दादाच्या हातातून फोन घेतला आणि स्पष्ट म्हणाली, "हो."

मास्तरांचा बायकी होकार यंत्राने गपगुमान घेतला आणि वर आभारही मानले.

दादाने तिचे ओठ हललेले बघितले होते. तिने काय म्हटलं, असं त्याने लेकीला हातांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच," भाचीचे हात म्हणाले.

"मग माझं का नाही चाललं?"