चारकोपहून चालवलेला दवाखाना

आमच्या मुंबई मंडळाची मीटिंग दर महिन्याला चारकोपला सोसायटीच्या हॉलमध्ये भरते. विषय एकच, कोकणात आपल्या गावी सुरू केलेला दवाखाना बंद पडू द्यायचा नाही. मिनिट्स मी लिहिते. त्यात न लिहिलेलंच आता इतकं साठलंय, की कुणाला तरी सांगायलाच हवं.

*

दवाखान्याआधी आम्ही गावात सर्व्हे केला. घरोघरी फॉर्म वगैरे, एकदम झकास! पोरंच पोरं! म्हणून मुलांचे डॉक्टर ठरवले, भिंतीवर ससे रंगवले. जानेवारीत उद्घाटन झालं, तर रांगेत सगळे सत्तरीच्या पुढचे!

डॉक्टर म्हणाले, "अहो, मुलं कुठायत?"

मुलं कांदिवलीला शाळेत होती. सर्व्हे आम्ही गणपतीत केला होता. आम्ही आम्हालाच मोजून आलो होतो!

*

मग अँब्युलन्स घेतली. नारळ फोडल्यावर कळलं, गाडी वरच्या वाडीत चढतच नाही. आमचे अध्यक्ष तात्या म्हणाले, "मग पेशंटने खाली यायला काय झालं?"

हे मी मिनिट्समध्ये काय लिहू, सांगा!

*

डॉक्टर टिकले नाहीत, तरी दवाखाना चालला, तो शीतल सिस्टरमुळे. शेजारच्याच गावची मुलगी, घरोघरी जाऊन बीपी बघायची. सेक्रेटरी परबकाका प्रत्येक मीटिंगला टेबल आपटायचे, "काही करा, पण सिस्टर गावातच राहिली पाहिजे!"

एका रविवारी काका पेढे घेऊन आले. मुलाचं लग्न ठरलं होतं.

"मुलगी कोण?"

"आपली शीतल! बोरिवलीत नोकरीपण बघून ठेवलीय तिला."

पेढ्याला कुणी हात लावेना. मी भडकलेच. "काका, वाट लावलीत की हो दवाखान्याची!"

"मुलाचं वय बघ ना गं," काका म्हणाले.

*

लग्न झालं, शीतल बोरिवलीला आली. दवाखान्याला कुलूप लागलं असणार, असं धरूनच पुढची मीटिंग भरली. तात्यांनी गावी आईला फोन लावला, स्पीकरवर. ऐंशीची बाई, घरात एकटी.

"दवाखानो? उघडो आसा. मीच उघडतंय सकाळी. शीतलान माका मशीन शिकयल्यान. सगळ्यांचा बीपी बघतंय, वहीत लिवतंय."

आम्ही सगळे चाट! एवढ्या मीटिंगा घेऊन आम्हाला जे जमलं नाही, ते ही म्हातारी रोज करत होती. तात्या आमच्याशी कधी मालवणीत बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले.

"आणि तुझा बीपी कोण बघता गे, आये?"

"माझा रवता, झिला. एका हातान तो पट्टो बांधूक जमना नाय."